अर्चनाच्या मांडीतल्या गाठी

माझ्या हाताला यश आहे, असं आमच्या गावात म्हणतात. गेली नऊ वर्षं मी ते ऐकून घेते आहे. एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. का म्हटलं नाही, ते आजवर माझ्या तोंडून कोणासमोर निघालेलं नाही — नवऱ्यासमोर नाही, दोन्ही मुलींसमोर नाही. धनजला सख्खी बहीण आहे, तिच्याशी दिवसाआड फोन होतो, कोणाच्या घरी काय शिजलं इथपर्यंत बोलतो आम्ही. तिलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रस्त्यात भेटलात तरी मान वळवून जाल. म्हणून तुमच्यासाठी लिहायला बसले आहे. जमतं का ते बघते.

कुठून सुरू करू?

आमचं गाव मंगरूळपीर तालुक्यात, आसेगावच्या जवळ. घरात दोघं भाऊ, वावर एकत्र, चूलही एकच. थोरल्याची बायको मी, सुनंदा. धाकट्याची अर्चना. म्हणजे ती माझी जाऊ — पण मला ती 'ताई' म्हणते, आणि तोंडदेखलं म्हणत नाही. लग्न होऊन आली तेव्हा बावीस वर्षांची होती. रिसोडची, बाजाराच्या गावातली, बोलकी. भाकरी मात्र जाड थापायची. पातळ भाकरी तिला मी शिकवली. माझी धाकटी मुलगी तिच्या मांडीवर बसल्याशिवाय जेवायची नाही. आमच्या दोघींचं भांडण असं कधी झालं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्हाला वाटेल, असेल जावा-जावांचं वैर. नव्हतं. वैर असतं तर हे सांगणं सोपं गेलं असतं.

लग्नाआधी मी कारंज्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन वर्षं काम केलं होतं. इंजेक्शन द्यायला तिथं शिकले. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. सुई टोचणं कोणालाही येतं, औषध आत सोडणं शिका, असं त्या म्हणायच्या. मी शिकले. चांगली शिकले. गावात आल्यावर कोणाला डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन असलं की मला बोलावणं यायचं. लहान पोरंसुद्धा माझ्या हातून गुपचूप घ्यायची.

लग्नाला आठ वर्षं झाली तरी अर्चनाला दिवस राहिले नाहीत. मग प्रकाश भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. टेस्ट ट्यूबचा इलाज सुरू झाला. आधी पोटात घ्यायची बारीक सुयांची इंजेक्शनं होती, ती तिची तीच घ्यायची. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागायची. मग एक दिवस गर्भ आत सोडला. आता तो टिकावा म्हणून हार्मोनची इंजेक्शनं सुरू व्हायची होती. तेलातली. रोज एक, मांडीत.

त्या दिवशी मी तिच्याबरोबर अकोल्याला होते. ती आत पलंगावर पडून होती, भाऊजी औषधं घ्यायला खाली गेले होते. घरी इंजेक्शन कोण देणार, असं तिथल्या सिस्टरनं विचारलं. मी पुढे झाले. तिनं मला बाजूला घेतलं आणि नीट समजावून सांगितलं. हे तेल घट्ट असतं, फ्रिजमध्ये ठेवायचं काम नाही. देण्याआधी दहा मिनिटं मुठीत धरून बसायचं, म्हणजे पातळ होतं. बाईला आडवं करायचं, पाय सैल सोडायला सांगायचा, आणि अगदी हळू सोडायचं. आज उजवी मांडी तर उद्या डावी. झालं की चोळायचं, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं शेकायचं, घरातल्या घरात थोडं चालायला लावायचं. नाहीतर गाठी होतात, म्हणाली. गाठी झाल्या की बायका रडतात, इंजेक्शन नको म्हणतात. आणि एक दिवसही चुकवू नका — हे तिनं दोनदा सांगितलं.

हे सगळं तिनं मला सांगितलं. फक्त मला. ती खोली, ती सिस्टर, तिच्या हातातलं पेन, सगळं मला आत्ताही दिसतं. 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायला त्या खोलीनं जागा ठेवलेली नाही.

सुरुवातीचे दिवस मी बहुतेक तसंच केलं; गाठ होत नव्हती म्हणून शेकणं तेवढं राहून गेलं. सकाळी सातला. जानेवारीचा महिना, आमच्याकडे सकाळी चांगलीच थंडी असते. अर्चना मधल्या खोलीत बाजेवर पडायची, मी तिच्याजवळ बसून पदराखाली इंजेक्शन मुठीत धरायची, तोवर आम्ही गप्पा मारायचो; थंडीनं हात पदरात घेतले असतील असंच तिला वाटायचं. पहिल्या दिवशी सुई काढली तरी ती डोळे मिटून पडलेली.

"द्या ना ताई लवकर. भेव वाटून राह्यलं."

"दिलं बी," मी म्हटलं.

ती उठून बसली आणि हसायला लागली. "समजलंच नाही वं माय!" सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी त्या दिवशी चार घरी सांगितलं की सुनंदाच्या हाताले यश हाय. ते वाक्य तेव्हापासूनचं आहे.

चार-पाच दिवसांनी भाऊजींनी उरलेली सगळी इंजेक्शनं उचलून फ्रिजमध्ये ठेवली. आधीची तिथं असायची, म्हणून त्यांना वाटलं हीसुद्धा तिथंच ठेवायची. भल्यासाठीच ठेवली. मी पाहिलं. बोलले नाही, बोलायची गरजही वाटली नाही. रोज उठल्या उठल्या मी एक बाहेर काढून ठेवायची आणि मग मुठीत धरायची. चाललं होतं.

चौदाव्या दिवशी रक्त तपासलं. दिवस राहिले होते.

आता मध्ये एक गोष्ट सांगावी लागणार आहे, आणि ती सांगायची मला भीती वाटते. तुम्ही तिला कारण समजाल. ते कारण नाही. ते फक्त आधी घडलेलं आहे.

अर्चना घरात आल्यावर दोन वर्षांनी मला तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. सहाव्या महिन्यात गेलं. मुलगा होता म्हणाले. मी पाहिलं नाही, मला दाखवला नाही. आठव्या दिवशी मी तूर सोंगायला वावरात होते. कोणी जबरदस्ती केली नव्हती. पण कोणी 'जाऊ नको' असंही म्हटलं नव्हतं. तुरीचे फाटे हातात घेताना माझ्या अंगावर दूध उतरायचं, पोलकं ओलं व्हायचं, मी पदर ओढून घ्यायची. शेजारच्या ओळीत बाया होत्या. त्यांना दिसलं असेल. त्याही काही बोलल्या नाहीत. मग मीही बोलले नाही, आणि तो विषय घरात परत निघाला नाही.

तर अर्चनाला दिवस राहिल्याचं कळलं त्या दिवशी सासूबाईंनी शिरा केला. तूप घालून. अर्चनाला त्यांनी चुलीजवळ उबेला बसवलं, अंगावर शाल टाकली. मी कणीक मळत होते. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुनंदा, तिले जड काई उचलू देऊ नोको. गरम गरम खाऊ घाल. तुह्यावानी नोको व्हाले तिचं."

रागानं नाही म्हणाल्या. मीठ कमी पडलंय, असं सांगावं तसं म्हणाल्या. अर्चनाच्या हातात शिऱ्याची वाटी होती. तिनं खाली मान घातली. ती तरी काय बोलणार होती? — तरी मला वाटलं, तिनं काहीतरी बोलायला हवं होतं. एवढंच वाटलं. मी कणीक मळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजेक्शन बाहेर काढून ठेवायला विसरले.

पाहा, लिहितानासुद्धा हात तिकडेच गेला. बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत होते — विसरले. मी विसरले नव्हते. मी उठले, फ्रिजजवळून गेले, फ्रिजकडे पाहिलं आणि चुलीकडे गेले. सात वाजता दार उघडून ते हातात घेतलं तेव्हा बोटांना गार लागलं. दहा मिनिटं माझ्याकडे होती. तिच्याकडे तर दिवसभर होता. मी ते तसंच फोडलं, तसंच सिरिंजमध्ये ओढलं. गोठल्यासारखं तेल, वर यायलाच तयार नव्हतं. आणि आत जायलाही तयार नव्हतं. अंगठ्याचा जोर लावावा लागला. मी लावला.

"माय वं!" अर्चना ओरडली. तिनं माझं मनगट धरलं.

आणि मला बरं वाटलं.

हे लिहिलं मी. हे पहिलं. एवढं लिहून पान बंद करावं असं वाटतं आहे, पण अजून पुढे आहे, आणि पुढचं यापेक्षा वाईट आहे.

एक दिवस केलं असतं, तर राग म्हणता आलं असतं. मी ते रोज केलं. अठरा दिवस. गार तेल, पटकन सोडायचं. बहुतेक वेळा एकाच मांडीत, कारण उजवी माझ्या बाजूला यायची — असं मी तिला सांगायची. चोळायचं सोडून दिलं. तिनं विचारलं, "ताई, आंधी तर दुखत नोहोतं, आता काहून दुखून राह्यलं?" मी म्हटलं, आत तेल साठत चाललं आहे, आता दुखणारच. तिला पटलं. माझं काय पटत नव्हतं तिला?

सासूबाईंनी एकदा पाणी गरम करून आणलं. शेकून देऊ का, म्हणून विचारलं. म्हातारीला कोणी शिकवलं नव्हतं, तरी तिला सुचलं. मी म्हटलं, "नोको आत्याबाई, डाक्टरनं नाई सांगतलं. पोटातल्या लेकराले उष्ण पडन." त्या घाबरून पाणी परत घेऊन गेल्या. अर्चनानं थोडं चालून पाहू का विचारलं, तर मी पडून राहा म्हटलं. सिस्टरनं सांगितलेल्या एकेका गोष्टीच्या उलट मी वागत होते. त्यासाठी सगळ्या गोष्टी नीट लक्षात ठेवाव्या लागतात. त्या माझ्या लक्षात होत्या.

तिच्या मांडीत गाठी झाल्या. लिंबाएवढ्या, दगडासारख्या टणक. वरची कातडी लाल, हात लावला तर गरम. खाली बसताना ती एका अंगावर बसायची. मोरीपर्यंत जाताना भिंतीला हात लावत जायची. लुगड्याचा काठ लागला तरी दचकायची. आणि रोज सकाळी मी सिरिंज घेऊन आले की म्हणायची, "तुमाले रोज माह्या पायी तरास, ताई."

तिचं मूल जावं, असं मला वाटत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता त्याचं उत्तर कुठल्या आवाजात येतं तेही ओळखू येत नाही. नाही, मला ते नको होतं. त्या मुलाचं नाव काय ठेवायचं यावर मी माझ्या मुलींबरोबर गप्पा मारायची. मला फक्त तिला दुखायला हवं होतं. फक्त — कसा आला हा शब्द इथे?

मग तो दिवस आला. सकाळी सातला मी खोलीत गेले तर ती बाजेवर पडलेली नव्हती, बाजेशेजारी भिंतीला धरून उभी होती. तिला बसताच येत नव्हतं. रडून डोळे सुजलेले. तिनं माझ्यापुढे हात जोडले. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान बाई, पण त्या वेळी पोरीसारखी दिसत होती.

"ताई, आज नोको. दोन दिस राहू द्या. दोन दिसानं काय होते? गाठी बसल्या की मंग घेतो. मी तुमच्या पाया पडतो."

तुम्हाला माहीत आहे मी काय करायला हवं होतं. मलाही माहीत होतं. इंजेक्शन मुठीत धरून तिच्याजवळ बसायचं, डाव्या मांडीत, हळू. वर गरम फडकं. तिला अर्ध्या तासात कळलं असतं की दुखल्याशिवायही होतं. पण ते कळलं असतं तर आणखीही एक गोष्ट कळली असती. आधीचे अठरा दिवस काय होते, तेही कळलं असतं. ती भोळी आहे, वेडी नाही.

तर मी म्हटलं, "बरं. राहू दे दोन दिस. कोनाले सांगू नोको."

एक दिवसही चुकवू नका, हे सिस्टरनं दोनदा सांगितलेलं वाक्य तेव्हा मला आठवलं नाही का? आठवलं. अगदी तिच्या आवाजात आठवलं. आणि तरी मी दोन इंजेक्शनं फ्रिजमधून काढली, कागदात गुंडाळली आणि उकिरड्यात खोल दाबली, कोणी मोजली तर बरोबर भरावीत म्हणून.

तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून मांडी पुढे केली. त्या दिवशी मी मुठीत धरलं. हो, त्या दिवशी धरलं. पाचव्या दिवशी दुपारी तिला अंगावरून जायला लागलं.

अकोल्याला सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, इंजेक्शनं सगळी घेतली होती ना? अर्चनानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो." डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. मीही म्हटलं, "हो, रोज." त्या म्हणाल्या, कधी कधी सगळं नीट करूनही असं होतं, कोणाचा दोष नसतो. त्या म्हणाल्या ते खरंही असेल. दोन दिवस चुकले नसते तरी गेलं असतं, असंही असेल. मला ते कधीच कळणार नाही. पण त्या वाक्याच्या आड मी उभी राहणार नाही. नऊ वर्षं पुष्कळ उभी राहिले.

परत येताना भाऊजी ड्रायव्हरजवळ पुढे बसले होते. आम्ही दोघी मागे. कोठेतरी अर्ध्या वाटेत अर्चनानं माझा हात हातात घेतला आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"ताई, कोनाले सांगजा नोको. मले दुखनं सहन झालं नाई म्हनून गेलं माहं लेकरू. माहंच पाप हाय. तुमी नोका वाईट वाटून घेऊ."

मी म्हटलं, "नाई सांगत."

बघा, काय झालं ते. तिनं माझ्यावर विश्वास टाकला आणि मी तिच्या गुपिताची राखणदार झाले. ती माझे उपकार मानू लागली. त्या दिवसापासून तिनं मला कधी उलटून उत्तर दिलेलं नाही.

दीड वर्षानं त्यांनी पुन्हा एकदा इलाज केला. या वेळी ती माहेरी रिसोडला राहिली, तिथल्या एक सिस्टर घरी येऊन इंजेक्शन द्यायच्या. गर्भ धरलाच नाही. डॉक्टरांनी आणखी एकदा करू म्हटलं, पण भाऊजी आणि ती दोघांनीही आता पुरे असं ठरवलं. ती परत आली त्या दिवशी मी तिच्यासाठी पिठलं-भाकरी केली होती. जेवता जेवता ती म्हणाली, "ताई, तठी तर दुखतच नोहोतं. थ्या सिस्टर काय करत, इंजेक्शन मुठीत धरून बसत. चहा होईस्तोवर. अन् मंग गरम फडक्यानं शेकत. एक गाठ नाई झाली." मग घास हातातच ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमाले माहीत होतं का हो, असं करा लागते म्हनून?"

संशय नव्हता तिच्या आवाजात. मी तेव्हापासून त्या आवाजात संशय शोधते आहे — नव्हता. साधा प्रश्न होता. त्याला साधं उत्तर होतं. एका अक्षराचं, 'हो'. ते म्हणायला मला जेवढा वेळ मिळाला तेवढा पुरे होता.

"नाई वं," मी म्हटलं. "मले कोनं सांगतलं?"

"तेच तं," ती म्हणाली. "आपल्याले कोनी सांगतलंच नाई." आणि तिनं घास तोंडात घातला.

आपल्याले. तिनं मला आपल्यात घेतलं.

गार तेल एक वेळ माझ्या तेव्हाच्या मनावर घालता येईल. पण हे खोटं मी शांतपणे बोलले, दिवसा, तिच्यासमोर पाटावर बसून, तिच्या ताटात भाकरी वाढता वाढता. त्याच्यामागे कोणतं दुखणं नव्हतं, कोणी मला टोचून बोललेलं नव्हतं. भीती होती. तिच्या तोंडावरचा माझ्याबद्दलचा भाव बदलेल, याची भीती. तो भाव मला इतका हवा होता की त्यासाठी मी तिला तिच्या मुलाच्या मरणाचं ओझं जन्मभर वाहायला दिलं.

पाच वर्षांपूर्वी अर्चना गावात आशा वर्कर झाली. गरोदर बायांच्या घरी जाते, त्यांना तपासणीला घेऊन जाते, लसीच्या दिवशी घरोघर पोरं गोळा करते. हे काम तिला शोभतं. सासूबाई गेल्या, त्यानंतर तिनं ते दोन दिवस लपवणं सोडून दिलं. आपल्या नवऱ्याला तिनं स्वतः सांगितलं. भाऊजी तिच्यावर रागावले नाहीत, पण चार दिवस वावरातून जेवायलाही घरी आले नाहीत, डबा तिकडेच मागवला. ते तिनं सोसलं. आणि आता ती बायांनाही सांगते. ज्या बाईला इंजेक्शनं चालू असतात, दुखतं म्हणून जी टाळायला बघते, तिच्याजवळ ती बसते, तिच्या मांडीला शेक देते आणि आपली गोष्ट सांगते. जी चूक तिची नव्हती, ती ती सगळ्या गावासमोर आपली म्हणून सांगते. ज्या बाईची होती, ती तिथंच बाजूला बसून भाजी निवडत असते.

परवाचंच सांगते. आमच्या शेजारची सून, पूजा. दोनदा गर्भ गेलेला, आता तिसऱ्यांदा दिवस आहेत आणि तिलाही मांडीत इंजेक्शनं सुरू आहेत. दुपारची आमच्या ओसरीवर आली, लंगडत. अर्चनानं तिला आडवं केलं, पातेल्यात पाणी गरम करून आणलं, फडकं पिळून आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं आणि मग तिच्या मांडीवर ठेवलं. मी मेथी निवडत होते.

"काकू, मले नाई होत सहन," पूजा म्हणाली. "उद्या घेतच नाई मी."

"असं नोको करू, बाई," अर्चना म्हणाली. "मी केलं होतं. दोन दिस चुकवले, अन् गमावून बसली. आमच्या ताईनं लय जीव लावला होता, रोज सकाळी उठून इंजेक्शन देत. त्याईचा काई दोष नाई. मलेच नाई निभलं. तू माह्यावानी नोको करू."

पूजानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला मोठ्या बाईकडून ऐकायचं होतं. "खरंच होते का हो काकू असं? दोन दिसानं?"

अर्चनाही माझ्याकडे पाहत होती. वाट पाहत होती म्हणा. मी काही बोलावं, त्या पोरीला धीर यावा, म्हणून. ओसरीवर आम्ही तिघीच होतो. यापेक्षा मोकळी वेळ मला मिळणार नव्हती. 'थांब पूजा, ही चूक अर्चनाची नव्हती' — एवढ्यानं सुरुवात झाली असती. माझ्या तोंडात ते शब्द होते. खरंच होते.

"होते," मी म्हटलं. "चुकवू नोको."

अर्चनानं मान हलवली, मी तिच्या मनातलं बोलले अशी. मग फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवून पिळलं आणि पूजाच्या मांडीवर ठेवलं. पूजानं डोळे पुसले आणि उद्या घेते म्हणाली. आणि मी अर्चनाला तिच्या समोर, तिसऱ्या माणसासमोर, पुन्हा एकदा दोषी ठरवून मेथीची जुडी उचलली.

अर्चना आज सकाळपासून मीटिंगला गेली आहे. दीड-दोनपर्यंत येईल. मग आम्ही दोघी जेवू. ती आज काय काय झालं ते सांगेल, मी ऐकेन. ती एकोणचाळीस वर्षांची आहे. तिचं दुखणं तिच्या सहन करण्याच्या बाहेरचं होतं, कारण ते मी तसं केलं होतं. ते कसं थांबवायचं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जेवताना तिनं विचारलं तेव्हाही माहीत होतं, आणि मी तिला 'नाई' म्हणाले. हे तिला ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही.